दुखापतीचा गुन्हा आणि मनातला हेतू

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला सांगितले, "वकीलसाहेब, यंदा कायद्यावर बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला." वर्धापन दिनाच्या आनंदाच्या दिवशी मारामारीवर काय बोलायचे, असे कोणालाही वाटेल. पण माझ्याकडे आपल्या वस्त्यांतून जी माणसे येतात, त्यांतली निम्मी याच कारणाने येतात. कोणी मार खाल्लेला असतो, कोणी मारलेले असते. आणि दोघांच्या तोंडी एकच वाक्य असते, "साहेब, एवढं काही नव्हतं हो." म्हणून आज या "एवढं काही नव्हतं"बद्दलच बोलणार आहे.

सुरुवात एका खऱ्या प्रकरणाने करतो. नावे आणि वस्ती सांगत नाही. उन्हाळ्याचे दिवस, नळाला पाणी अर्धा तास. नंबरावरून दोन घरांत बोलाचाली झाली. एकवीस वर्षांचा एक मुलगा, अंगापिंडाने चांगला, पोलीस भरतीची तयारी करणारा. समोरच्या घरातल्या पोराने त्याच्या आईला काहीतरी वाईट शब्द वापरला. याने हातातली स्टीलची कळशी उचलली आणि त्या पोराच्या दिशेने फेकली. तेवढ्यात भांडण सोडवायला त्या पोराचे वडील मध्ये आले. कळशी त्यांच्या मनगटावर बसली आणि हाड मोडले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आईला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, काकांना मारायचा माझा हेतूच नव्हता. काकांनी मला लहानपणी खांद्यावर खेळवलंय. मला त्यांच्या पोराला मारायचं होतं, तेही नुसतं घाबरवायचं होतं."

मंडळी, हे त्याचे म्हणणे खरे होते. आता कायदा या खऱ्या म्हणण्याचे काय करतो, ते बघू.

आधी एक खुलासा. आपल्या बापजाद्यांपासून सगळ्यांना ३०२, ३०७, ३२३, ३२६ हे आकडे पाठ आहेत. ती १८६० सालची भारतीय दंड संहिता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेच्या आधी घडलेल्या घटनेला जुनी कलमे, नंतरच्या घटनेला नवी. ३२३ ची शिक्षा आता कलम ११५ मध्ये, ३२५ ची कलम ११७ मध्ये, आणि ३२४ व ३२६ या दोन्ही कलम ११८ मध्ये आहेत. आकडे बदलले, शिक्षेत थोडा फरक झाला, पण गाभा तोच राहिला.

हा गाभा तीन गोष्टींचा आहे. पहिली, कृती. माणसाने काहीतरी केले पाहिजे. दुसरी, परिणाम. त्या कृतीमुळेच कोणाला तरी दुखापत झाली पाहिजे. तिसरी, मन. ती दुखापत करण्याचा हेतू असला पाहिजे, किंवा आपल्या कृतीने दुखापत होण्याचा संभव आहे याची जाणीव असली पाहिजे. या तिन्ही गोष्टी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या असतात. एक जरी निसटली तरी इच्छापूर्वक दुखापतीचा गुन्हा उभा राहत नाही.

आता दुखापत म्हणजे काय? आपल्याला वाटते रक्त आले पाहिजे, टाके पडले पाहिजेत. तसे नाही. शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता, यांपैकी काहीही घडवले की ती दुखापत. कानाखाली मारली, केस धरून ओढले, हात पिरगाळला, तरी दुखापत होते. भगिनींनो, तुम्ही नीट ऐका. मारणारा नवरा आहे, दीर आहे किंवा सासू आहे म्हणून या कलमात कोणालाही सूट लिहिलेली नाही. "घरातली बाब" हा शब्द या कायद्यात नाही. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा आहेच.

साध्या दुखापतीला कलम ११५ नुसार एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यानंतर येते जबर दुखापत. कोणती दुखापत जबर, हे डॉक्टरच्या किंवा पोलिसाच्या मर्जीवर नाही. कायद्याने आठ प्रकार मोजून दिले आहेत. पुरुषत्व नष्ट करणे. एका जरी डोळ्याची दृष्टी कायमची जाणे. एका जरी कानाने कायमचे ऐकू न येणे. अवयव किंवा सांधा गमावणे. अवयवाची किंवा सांध्याची शक्ती नष्ट होणे किंवा कायमची कमी होणे. डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे. आणि आठवा प्रकार, जिवाला धोका होईल अशी दुखापत, किंवा जिच्यामुळे माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो अथवा रोजची कामे करू शकत नाही. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते, आता पंधरा आहेत. नुसते पंधरा दिवस दवाखान्यात पडून राहिलो, एवढ्याने भागत नाही. वेदना किंवा कामाची असमर्थता दाखवावी लागते.

म्हणजे बघा, भांडणात एक दात पडला तरी तो जबर दुखापतीत जातो. कलम ११७ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायमचे अपंगत्व आले तर कमीत कमी दहा वर्षे.

हत्यार वापरले तर प्रकरण आणखी वर चढते. सुरा, तलवार, बंदूक हे तर आलेच. पण विस्तव, उकळते पाणी, तापलेले तेल, विषारी किंवा जाळणारा पदार्थ, हेही त्यात येतात. चुलीवरचे आधण रागाच्या भरात फेकणे म्हणजे कायद्याच्या नजरेत हत्याराने मारणेच. काठी, दगड यांचे काय? तिथे ती वस्तू कशी होती आणि कशी वापरली, हे बघतात. २००५ साली केरळच्या एका खटल्यात दगडाने मारल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. प्रत्येक दगड धोकादायक हत्यार ठरत नाही, ते त्या-त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर अवलंबून आहे, असे न्यायालयाने मानले आणि ३२६ ऐवजी ३२५ खाली शिक्षा दिली. हत्याराने साधी दुखापत केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जबर दुखापत केली तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हेतू. मन तर कोणाला दिसत नाही. मग न्यायाधीश ते वाचतात कसे? माणसाच्या वागण्यावरून वाचतात. हातात काय होते? ते आधीच आणले होते की हाताशी सापडले? वार कुठे केला, पायावर की डोक्यावर? किती वेळा? किती जोराने? आधी काय बोलला? माणूस खाली पडल्यावर थांबला की मारतच राहिला? नंतर पळाला की पाणी पाजले? या प्रश्नांच्या उत्तरांतून हेतू उभा राहतो.

"माझा हेतू एवढा नव्हता" हे म्हणणे कुठवर चालते, ते सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात स्पष्ट केले. भाल्याचा एकच वार, पोटात. माणूस दगावला. बचाव असा की मारून टाकायचा हेतू नव्हता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालात जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: जी जखम झाली, तीच जखम करायचा हेतू होता का, एवढे आधी बघा. जखम चुकून किंवा अपघाताने झालेली नाही हे दिसले, आणि ती जखम नेहमीच्या परिस्थितीत मृत्यू आणण्यास पुरेशी असली, तर "मला खून करायचा नव्हता" हे म्हणणे कामाला येत नाही. तरुण मित्रांनो, हे लक्षात ठेवा. वार करणे तुमच्या हातात असते. तो वार पुढे किती खोल जाईल, हे तुमच्या हातात नसते. पण त्याची जबाबदारी तुमच्यावरच येते.

दुसरी सबब दारूची. "साहेब, तो शुद्धीवर नव्हता." १९५६ सालचा बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य हा खटला ऐका. लग्नघरी जेवणाच्या वेळी दारू प्यालेल्या एका निवृत्त लष्करी जमादाराने एका कोवळ्या मुलाला बसायच्या जागेवरून बाजूला हो म्हटले. मुलगा हलला नाही. याने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. मुलगा गेला. जागेवरून! सर्वोच्च न्यायालयाने नशेची सबब मानली नाही. आपणहून दारू प्यालेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती, असे कायदा धरून चालतो. हेतू मात्र एकूण परिस्थितीवरून आणि नशा किती चढली होती त्यावरून ठरतो. तो माणूस चालत होता, बोलत होता, हेतू बाळगण्याइतका शुद्धीत होता. जन्मठेप कायम झाली.

तिसरी सबब, "त्याने मला डिवचले." एकाएकी आणि गंभीर डिवचणी झाली असेल तर कलम १२२ नुसार शिक्षा खूप कमी होते, हे खरे. पण गुन्हा पुसला जात नाही. सकाळी शिवी दिली आणि संध्याकाळी चार जण घेऊन गेलो, तर ती एकाएकी राहिली नाही. तो सूड झाला.

चौथी, "मी मारलंच नाही, मी फक्त धरलं होतं." एकाने धरायचे आणि दुसऱ्याने मारायचे, हे ठरवून झाले असेल तर सामाईक इराद्याच्या नियमाने दोघेही सारखेच गुन्हेगार. घोळक्यातून नुसते "हाण त्याला" म्हणणारा मुलगाही अडकतो. मोबाईलवर शूटिंग करणारे पण सोबत आलेलेच असतात, हे विसरू नका.

मग स्वतःचा बचाव करायचाच नाही का? करायचा. कायद्याने तो हक्क दिला आहे. अंगावर धावून येणाऱ्याला अडवताना दुखापत झाली तर तो गुन्हा नाही. पण बचावाला लागेल तेवढेच बळ. समोरचा पळू लागला की तुमचा हक्क संपला. तसेच निव्वळ अपघात हा गुन्हा नाही, आणि निष्काळजीपणाने झालेल्या दुखापतीचे कलम वेगळे, १२५; त्याची शिक्षा कमी.

आता त्या नळावरच्या प्रकरणाकडे परत या. मुलगा म्हणत होता, काकांना मारायचे नव्हते. कायद्याचे शब्द असे आहेत की "कोणत्याही व्यक्तीला" दुखापत करण्याच्या हेतूने कृती केली आणि "कोणत्याही व्यक्तीला" दुखापत झाली. नेम मुलावर होता आणि लागले बापाला, तरी गुन्हा तोच. काकांवरच्या प्रेमाने तो सुटू शकत नव्हता.

पण जबर दुखापतीला आणखी एक गोष्ट लागते. हाड मोडले एवढे पुरत नाही. जबर दुखापत करायचा हेतू होता किंवा तशी जाणीव होती, हेही दाखवावे लागते. नुसती साधी दुखापत मनात होती आणि दैवाने हाड मोडले, तर साध्या दुखापतीचीच शिक्षा. आणि इथे संपूर्ण खटला एका प्रश्नावर येऊन थांबला: कळशी भरलेली होती की रिकामी? रिकामी कळशी फेकणाऱ्याला हाड मोडेल असे वाटले नसेल, असे म्हणता येते. पाण्याने भरलेली कळशी चार हातांवरून फेकणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. साक्षीदार एक म्हणे भरलेली, दुसरा म्हणे रिकामी. पंचनाम्यात कळशीचे वजन नव्हते, जमीन ओली होती का याचा उल्लेख नव्हता.

आणि काकांचे काय झाले? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, कसे लागले? शेजारचे पोर आहे, त्याचे भविष्य आहे, म्हणून काका म्हणाले, "पाय घसरून पडलो." केसपेपरवर तेच लिहिले गेले. आठ दिवसांनी मुलाकडून कोणी विचारपूस करायला आले नाही, प्लास्टरचा आणि औषधांचा खर्च अंगावर पडला, रोजंदारी बुडाली, तेव्हा त्यांनी खरी तक्रार दिली. त्या चांगल्या माणसाला पुढे कोर्टात मीच, आरोपीचा वकील म्हणून, विचारले, "तुम्ही डॉक्टरांना पडलो असे सांगितले होते ना?" काका खाली बघून "हो" म्हणाले. ते माझे कामच होते. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेले नाही.

सहा वर्षे तारखा चालल्या. शेवटी कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. मुलगा सुटला. पण भरतीच्या अर्जात "आपल्यावर खटला प्रलंबित आहे काय?" असा रकाना असतो. त्या सहा वर्षांत त्याचे वय निघून गेले. काकांचे मनगट आजही पूर्ण वळत नाही. दोघेही हरले.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, त्या या पानावरून कापून घरात ठेवा.

मार लागला तर आधी सरकारी दवाखाना. डॉक्टरांना खरे सांगा. कोणी, कशाने, कुठे मारले ते. कमी सांगू नका आणि वाढवूनही सांगू नका. काठी होती तर तलवार म्हणू नका. एक खोटे शंभर खऱ्यांना बुडवते. रक्ताचे कपडे धुऊ नका. जखमेचे फोटो तारखेसह ठेवा. एक्स-रे आणि केसपेपर सांभाळा.

साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा. पोलीस एन.सी. नोंदवतात आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. "एन.सी. झाली, आता काही होत नाही" असे समजून घरी बसू नका. तुम्ही थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करू शकता, पण कोर्टाला दखल घ्यायला एक वर्षाची मुदत आहे. जबर दुखापत आणि हत्याराने दुखापत दखलपात्र. तिथे एफ.आय.आर. नोंदवून घ्यावाच लागतो, त्याची प्रत फुकट मिळते. नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा, तिथेही नाही झाले तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

जातीच्या कारणाने मार पडतो तेव्हा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही तो लागू आहे, कारण १९९० साली त्यांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. इथेही प्रश्न मनाचाच येतो. पूर्वी "केवळ जातीमुळे मारले" हे सिद्ध करताना आपली माणसे थकून जात. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता परिशिष्टातले दुखापतीसारखे गुन्हे असतील तर समोरची व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे माहीत असून मारले, एवढे पुरते. आरोपी त्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर जात माहीत होती असे कोर्ट गृहीत धरते. नव्हती हे त्याने दाखवायचे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. म्हणून फिर्यादीत तो तुम्हाला कधीपासून ओळखतो, काय बोलून मारले, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. पण एक हात जोडून सांगतो, नळाच्या भांडणाला हा कायदा लावू नका. ज्यांना तो खरोखर हवा आहे, त्यांच्या हातातून तो निसटतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा.

शेवटी एकच. आपण विहारात बसलो आहोत म्हणून बोलतो. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहायला शिकवले. कायदाही कृतीमागची चेतनाच शोधतो. फरक एवढाच, की कायदा मनात नुसता राग आला म्हणून शिक्षा करत नाही. हात उचलला की त्याचे काम सुरू होते. कायदा नंतर येतो, पोलीस नंतर येतात, मीही नंतरच येतो. हात उचलण्याआधीचे जे दोन श्वास असतात, तिथे दुसरे कोणी येऊ शकत नाही. तिथे ज्याचा तोच असतो. ती जागा सांभाळायला आपण इथे दर रविवारी बसतो, असे मी समजतो.

उद्या नळावर उभे राहाल, तेव्हा त्या कळशीची आठवण ठेवा. कोर्टात सहा वर्षे आम्ही भांडलो, ती भरलेली होती की रिकामी. ती खाली ठेवली असती, तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.



नमो बुद्धाय! जयभीम!